होऊन राहिलेली गाडी

"होऊन राहिली, वैनी."

गाडीचं काय झालं, असं कोणीही विचारलं की ग्रेडरसाहेबांचं हे उत्तर ठरलेलं असे. म्हणताना ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत. बोटांत काही नसलं तरी घासत. वीस वर्षं कापूस बाजारात कापसाची प्रत ठरवण्यात गेलेली. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब ते सांगायचं, हे त्यांचं काम, त्यामुळे बोटांना ती खोडच लागली होती. माझ्या दुकानात ग्रीस आलं की ते बोटांत घासून बघत, चहाची पूड घासून बघत. एकदा दोरीवर वाळत घातलेलं माझं नवं पातळ घासून बघितलं आणि दुकानदारानं तुम्हाला फसवलं, असं सांगून निघून गेले.

तुम्ही वऱ्हाडाबाहेरचे असाल तर "होऊन राहिली" या शब्दांनी फसाल. आमच्याकडे त्याचा अर्थ, काम चालू आहे. तिकडे पुण्याकडे अर्थ होतो, काम झालं आणि गाडी तयार होऊन बसली. साहेब बोलत ते आमच्या अर्थानं. पण मनातून त्यांचा विश्वास होता तो पुण्याच्या अर्थावर, असं माझं मत आहे.

या शब्दापायी त्यांची एकदा चांगली फजिती झाली. पुण्यात एका गृहस्थाकडे अशीच गाडी होती आणि तिचं जास्तीचं गॅस्केट ते द्यायला तयार होते. साहेबांनी पत्र लिहिलं, मी येत्या शनिवारी पुण्याला येऊन राहिलो. उलट टपाली उत्तर आलं: आपण येत्या शनिवारी पुण्यास येऊन राहिलात हे वाचून आश्चर्य वाटले, कारण येता शनिवार अद्याप आलेला नाही. शिवाय आपण राहिलात कोणाकडे, याचाही खुलासा पत्रात नाही. ते पत्र घेऊन साहेब माझ्याकडे आले आणि माणूस वेडा आहे का, असं विचारू लागले. मला चूक कळायला जरा वेळ लागला, कारण मीही इथलीच. गॅस्केट मात्र मिळालं नाही. वेड्याकडे जायला साहेब तयार नव्हते.

अमरावतीच्या राजापेठेत आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. यजमान ट्रकवाल्यांकडे गावोगाव फिरत, दुकानात मी बसे. एखाद्या बाईला बुश, बेअरिंग आणि किंगपिन यांतला फरक कळतो, याचं गिऱ्हाइकांना पहिल्यांदा नवल वाटे, मग वाटेनासं होई. साहेब तीन घरं सोडून राहत. त्यामुळे ही गाडी आली त्या दिवसापासून मी पाहिली.

आली ती बैलांनी ओढत. अकोल्याच्या एका विलायती कापूस कंपनीचा गोरा मॅनेजर देश सोडून चालला होता, त्याची ती जुनी गाडी. चार दारांची, बुटकी, लांब नाकाची. अकोल्याहून साहेब ती स्वतः चालवत निघाले आणि बडनेऱ्यापर्यंत आले. पुढचा प्रवास एका शेतकऱ्याच्या बैलजोडीनं झाला. गाडीच्या आत साहेब सुकाणू धरून बसलेले, डोक्याला रुमाल बांधलेला आणि चेहरा असा की बैल आपण हाकतो आहोत. राजापेठेत लोक जमले. कोणीतरी विचारलं, ही कोणती गाडी. साहेब म्हणाले, स्पोर्ट्स सलून. आता विलायतेत सलून म्हणजे चार दारांची मोटार, अमरावतीत सलून म्हणजे दाढीचं दुकान. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना विचारू लागले, साहेब, कटिंग किती वाजेपर्यंत होते?

साहेबांना त्या गाडीकडून दोन गोष्टी हव्या होत्या. रोज कापूस बाजारात तिच्यातून जायचं, आणि हिवाळ्यात अकोल्याजवळच्या जुन्या विमानपट्टीवर तीच शर्यतीत पळवायची. ही पट्टी युद्धाच्या वेळी बांधलेली. युद्ध संपलं, विमानं गेली, कडेनं बाभळी आल्या. तिथं जिल्ह्यातले मोटारवाले वर्षातून एका रविवारी जमत, टोकाला ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत येत आणि पुढचं वर्षभर त्याबद्दल बोलत.

आता कापूस बाजारातली बैलगाड्यांची चाकोरी आणि विमानपट्टी यांत फरक असतो, हे तुम्हा-आम्हाला कळतं. बाजारात बुटकी गाडी पोटावर बसे, म्हणून साहेबांनी माझ्याकडून ट्रकच्या कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, पानं नेऊन ती उंच केली. शर्यतीला उंच गाडी वळताना कलंडते, म्हणून हिवाळा आला की ती पानं काढून ठेवली. शर्यत झाली की परत घातली. चार वर्षांत त्या गाडीनं रस्ता जितका कापला नसेल तितके तिचे नट फिरले. शर्यतीची सुरुवात होईपर्यंत गाडी कधी तयारच नसे. साहेब यष्टीनं अकोल्याला जात आणि कडेला उभं राहून दुसऱ्यांच्या चुका सांगत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांची बायको शांता माझ्या दुकानात यायची, आणि ती हसत नसे.

शांताचं माहेर वरूडचं. घरी संत्र्याची बाग, सगळं भाऊ बघे. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं एकदा माहेरी गेली. परत यायच्या दिवशी यष्टी चुकली, तेव्हा भावानं संत्र्याच्या ट्रकात त्यांना बसवून दिलं. पुढे जागा नव्हती. मागे पेटाऱ्यांवर बसून साहेब अमरावतीला आले. भावाच्या मनात अपमान करायचं काही नव्हतं, हे मला शांतानंच सांगितलं. पण साहेब ट्रकातून उतरले ते शब्द देऊनच, की वरूडला आता जाईन तर स्वतःच्या गाडीनं. आणि तुला नेईन तेही गाडीनंच. त्यानंतरच ही गाडी आली.

शब्द साहेबांनी दिला आणि माहेर शांताचं बंद झालं. चार दिवाळ्या गेल्या, अक्षय्यतृतीयेच्या चार अखाज्या गेल्या. दर वेळी वरूडहून निरोप येई, दर वेळी इकडून जाई, गाडी होऊन राहिली. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं शेवटच्या निरोपात होतं. शांता ते मला सांगत होती तेव्हा दाराशी साहेब कारबोरेटर हातात घेऊन उभे होते. त्यांनीही ते ऐकलं. मग मला विचारलं, याची वायसर आली काय?

मी त्यांना तोंडावर म्हटलं, नव्वद किलोमीटर तर जायचं आहे, गाडी तेवढी चालते. ते म्हणाले, चालते म्हणून नाही जायचं. वाटेत बंद पडली तर साळा ट्रक घेऊन ओढायला येईल.

एक मात्र सांगते. कापसाच्या बाबतीत हा माणूस सोन्यासारखा होता. एका मोठ्या व्यापाऱ्यानं ओला कापूस मधोमध भरून बैलगाड्या आणल्या, तर साहेबांनी कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर बाहेर काढला आणि भर बाजारात त्याच्या पायाशी ठेवला. दडपण आलं तरी प्रत बदलली नाही. तेवढं खरं बोलणं घरी आणलं असतं तर शांताची चार वर्षं वाचली असती.

पाचव्या हिवाळ्यात गाडी खरोखर तयार झाली. साहेबांनी बेत जाहीर केला. सकाळी अकोल्याला जायचं, शर्यत जिंकायची आणि तसंच शांताला घेऊन थेट वरूड. शांतानं आईसाठी शेवयांचा डबा भरला, नवं लुगडं नेसली. शेवटच्या आठवड्यात साहेबांना कोणीतरी सांगितलं, गाडी हलकी कर. त्यांनी सुटं चाक काढलं, दारांच्या आतली अस्तरं काढली, मागची सीट काढली, शेजारची सीट काढली. सगळं आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आणून रचलं.

आणखी एक केलं. पेट्रोल गाळायची बारीक जाळी फाटली होती आणि मुंबईहून दुसरी येत नव्हती. मी म्हटलं, तारेची साधी जाळी कापून देते. साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी घरून उत्तम लांब धाग्याचा कापूस आणला, सरकी वेचून पिंजला आणि गाळणीत भरला.

"जाळी आंधळी असते, वैनी," ते म्हणाले. "कापूस वळखते."

रविवारी सकाळी, गाडीत वजन नको म्हणून, साहेब एकटे गाडीत आणि शांता आमच्या पिकअपमध्ये, माझ्या आणि यजमानांच्या मधे, मांडीवर डबा घेऊन. त्या सीटा मागच्या खोलीत पडल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. परत जाताना ही कुठं बसणार, हा प्रश्नही मनात आला होता. मी बोलले नाही. नवराबायकोत आपण कशाला, असं वाटलं. ते माझं चुकलं.

विमानपट्टीवर पंधरा-वीस मोटारी होत्या. एका जिनिंगवाल्याचा मुलगा भली मोठी अमेरिकन गाडी घेऊन आला होता. साहेबांची जोडी त्याच्याशी लागली. रुमाल खाली पडला आणि दोन्ही गाड्या सुटल्या. मी खोटं कशाला सांगू, ती बुटकी गाडी अशी पळाली की माझ्याही अंगावर काटा आला. पिंपाला वळसा घालताना अमेरिकन गाडी बाभळीपर्यंत वाहवत गेली आणि साहेब आतल्या बाजूनं निसटले. पुढे मोकळी पट्टी होती. शांता पहिल्यांदा हसलेली मी तेव्हा पाहिली.

अर्ध्यावर गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग हळूहळू येऊन पट्टीच्या मधोमध थांबली आणि अमेरिकन गाडी हॉर्न वाजवत शेजारून निघून गेली.

आम्ही पोचलो तोवर साहेबांनी कारबोरेटरचा जेट खोलला होता. जेट म्हणजे सुईच्या नाकाएवढं भोक, त्यातून पेट्रोल इंजिनात जातं. त्या भोकात कापसाचा बारीक पुंजका अडकला होता. साहेबांनी तो चिमटीत धरून काढला. सगळे बघत होते, तो जिनिंगवाल्याचा मुलगाही गाडी वळवून आला होता. साहेबांनी तो पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरला, ओढला, उजेडात बघितला आणि म्हणाले, एक इंच भरते.

लोक इतके हसले की एकाला खाली बसावं लागलं. मीही हसले.

जेट फुंकून बसवल्यावर गाडी लगेच चालू झाली. साहेबांनी हात पुसले आणि शांताला म्हणाले, "चाल, बस. वरूडले जाऊ."

शांतानं दार उघडून आत पाहिलं. आत एक सीट होती आणि बाकी सगळा उघडा पत्रा.

"कोठी बसू?" तिनं विचारलं.

साहेबांनीही वाकून आत पाहिलं. गाडीत दुसरी सीट नाही, हे त्यांना खरंच त्या क्षणी कळलं, एवढं मी शपथेवर सांगते. त्यांचं बोट अंगठ्यावर घासू लागलं. ते म्हणाले, सीट बसवायला अर्धा तास लागते, आज नाही तर पुढच्या रविवारी जाऊ.

"तुमी बसा," शांता म्हणाली. "मी यष्टीनं चालली."

तिनं आवाज चढवला नाही. दार लावलं तेही सावकाश. आम्ही तिला अमरावतीच्या स्टँडवर सोडलं आणि संध्याकाळच्या वरूडच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली.

वरूडला आईनं तिला आवाजावरून ओळखलं. चेहरा ओळखण्याइतकी नजर राहिली नव्हती. हे मला शांतानं नंतर सांगितलं, एकदाच.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सीटा नेल्या. गाळणीत माझी तारेची जाळी बसवली, ट्रकची पानं पुन्हा घातली, गाडी धुतली. आता हे गाडी घेऊन जाणार, असं सगळी राजापेठ धरून चालली. पण दोन आठवडे ते जागचे हलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ते सकाळी पिशवी घेऊन दुकानासमोरून गेले. गाडी घरासमोर तशीच होती. मी विचारलं, गाडी बिघडली का? ते म्हणाले, नाही, चांगली आहे. बायको यष्टीनं गेली न, मंग मी गाडीनं कसा जाऊ. आणि स्टँडकडे वळले.

वरूडला ते उभ्यानं गेले, कारण बसायला जागा मिळाली नव्हती. साळ्यानं खुर्ची आणून दिली, साहेबांना तेवढं पुरलं. शांता मात्र त्यांच्याबरोबर लगेच निघाली नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत मी इथंच, असं तिनं सांगितलं. साहेब गेले तसे परत आले आणि महिन्यानं पुन्हा गेले, यष्टीनंच.

विमानपट्टीवर ते पुढे कधी गेले नाहीत. गाडी बाजारात नेत, आणि शांता परत आल्यावर दोघं सणाला वरूडला जात ती यष्टीनं. याला शहाणपण म्हणावं की नवा हट्ट, हे मी ठरवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी साहेब तापानं चार दिवसांत गेले. गाडीचं काय करायचं, हे शांताला कोणी विचारायच्या आधीच तिनं भावाला निरोप धाडला. भाऊ ट्रक घेऊन आला आणि गाडी मागे चढवून, शांतालाही बरोबर घेऊन वरूडला गेला.

मागच्या महिन्यात कामानिमित्त वरूडला गेले होते, तेव्हा त्यांच्या बागेत जाऊन आले. गाडीचा सांगाडा गोठ्यामागे पडला आहे. इंजिन काढून त्यांनी विहिरीच्या काठावर पंपाला जोडलं आहे. आता ते रॉकेलवर चालतं, रोज सकाळी चार तास. शांताच ते हँडल मारून चालू करते. दुसऱ्या कोणाच्या हातानं होत नाही, असं भाऊ म्हणाला.

शेवटच्या ओळीतल्या झाडांना पाणी पोचलं तेव्हा तिनं बटण दाबून इंजिन बंद केलं. पण तापलेलं इंजिन रॉकेलवर लगेच थांबत नाही. आपल्या मनानं चार-सहा गचके खात ते चालत राहिलं. शांता पदर खोचून तशीच उभी होती. शेवटचा गचका बसला, पाट ओहोटला, बागेत सगळं शांत झालं.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "चला वैनी, च्या घेऊ."