परसातला बंब

"हवा द्या, थोडी हवा द्या," असं म्हणत आमचे शेजारी उजव्या हाताचा पंजा पंख्यासारखा हलवायचे. चूल धुमसत असो, कचेरीतलं प्रकरण अडलेलं असो की कुणाचं पोर रडून निळंजांभळं झालेलं असो, उपाय एकच. एकदा आमचे शिरस्तेदार भर दुपारी दप्तरावर डोकं टेकून घोरायला लागले, तेव्हाही यांनी लांबूनच पंजा हलवला आणि सगळी कचेरी तोंडात उपरणी कोंबून हसली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. स्वतःला एक नाद लागला की असल्या माणसाला सगळं जग त्याच मापाचं दिसतं.

यांचा नाद वाफेचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत आम्ही दोघं कारकून होतो आणि टेंभी नाक्याजवळ आमची घरं एकमेकांना लागून होती. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण नकला करता करता समासात चाकं, दट्टे आणि धुराडी उगवायची. एका जमिनीच्या तंट्याच्या कागदावर साहेबाला असंच एक धुराडं सापडलं. हेही वादी मागतोय का, असं त्यानं विचारलं म्हणतात.

पुढे खाडीच्या चिखलात रुतून पडलेली एक छोटी आगबोट त्यांनी लिलावात घेतली. चार-सहा माणसं बसतील एवढीच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कुंपणावरून आमच्या मंडळींना म्हणाल्या, "लोकांकडे बायकोला नथ येते, आमच्याकडे आगबोट आली." बोलल्या हसूनच, पण त्या हसण्याला धार होती. बोटीशी त्यांनी सवत मानावी तसा अबोला धरला.

ती बोट चालायला लागली, पण कशी? ठाण्याच्या बंदरातून निघाली की बगळेसुद्धा तिच्या पुढे जायचे. एकदा आम्ही दोघं तिच्यातून जात असताना मिठाच्या मक्तेदाराची आगबोट मागून आली आणि आम्हाला लाटांनी भिजवून पुढे निघून गेली. मिठागराच्या बांधावरच्या माणसांनी आम्हाला ओढायला दोर हवा का म्हणून विचारलं. मी हसलो. हे हसले नाहीत. घरी पोचेपर्यंत ओलं धोतर पिळायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी मला गाठलं आणि सांगितलं की आपली आग उपाशी आहे. धुराडं ओढून घेईल तेवढीच हवा तिला मिळते. बळजबरीनं हवा भरवली तर आग दुप्पट जळेल, वाफ दुप्पट होईल. हट्टी पोराला दोन घास जास्त भरवावेत, तसंच हे. मी मान डोलावली. नाद असलेल्या माणसापुढे मान डोलावणं हाच शहाणपणा.

मग बोटीचा बंब, म्हणजे ते वाफ करायचं लोखंडी पिंप, यंत्रासकट बैलगाडीवर घालून त्यांच्या परसात आला आणि विहिरीशेजारी उभा राहिला. आधी त्यांनी लोहाराचा भाता लावून पाहिला. भाता मारता मारता माणूसच दमायचा. मग धान्य वारवायच्या पंख्यासारखा एक पंखा सुताराकडून करवून घेतला, तो लाकडी पेटीत बसवला, यंत्राच्या चाकावरून पट्टा देऊन फिरवला आणि पेटीपासून पत्र्याचं नळकांडं थेट विस्तवाखाली नेलं. सांध्यांतून हवा निसटायची. लिंपायला त्यांना उडदाचं पीठ सर्वांत पक्कं वाटलं, आणि ते घरात आयतं होतं. वहिनी पापड लाटायला बसल्या तेव्हा डबा रिकामा, आणि नळकांड्याला मात्र चारी बाजूंनी पापडाचं पीठ.

पहिल्यांदा पंखा फिरला त्या सकाळी बंब असा काही हुंकारला की कावळे उडाले. धुराड्यातून काजळीचा लोट निघून पलीकडच्या काकूंच्या वाळत घातलेल्या सोवळ्यावर बसला. काकूंनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे मात्र भान हरपून विस्तवाकडे बघत होते. तो लाल नव्हता, पांढरा झाला होता. त्या दिवशी बंबातलं कढत पाणी सगळ्या आळीला आंघोळीला वाटलं, तेव्हा काकूही घागर घेऊन आल्या. वहिनींनी घागरी भरून दिल्या. पहिल्यांदाच मला वाटलं, सवतीशी बोलणं सुरू झालं.

नवरात्र बसलं तोवर बंब पुन्हा बोटीत चढला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, तशी बोटीचीही. वहिनी आपण होऊन बंदरावर आल्या. नेसूचा काठ सावरत त्या पहिल्यांदा त्या बोटीत उतरल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लग्नातसुद्धा एवढा उजळला नसेल. वहिनींनी बंबाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि खणात गुंडाळलेला सोडणासकटचा नारळ बांधायला जागा शोधली. बंबाच्या माथ्यावर एक आडवी दांडी होती आणि तिच्या टोकाला लोखंडी वजन लोंबत होतं. त्या वजनाशेजारी नारळ असा छान बसला की दांडी जणू त्याचसाठी केलेली.

ती दांडी झडपेची होती. वाफ फार झाली की ती वजनाला उचलते, झडप उघडते आणि जादा वाफ फुसकन निघून जाते. बंबाचा जीव तिच्यावर. वाफ दाखवणारा काटा बोट घेतली तेव्हापासूनच मेलेला होता. झडप बोलली की वाफ पुरे झाली, एवढंच आम्हाला कळायचं. आणि आता त्या वजनाला नारळाची जोड मिळाली होती, म्हणजे झडप उशिरानंच उघडणार.

यांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. हात वर गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"बरोबर बांधलाय ना?" वहिनींनी विचारलं.

"अगदी," ते म्हणाले.

घातलेली पूजा सीमोल्लंघन होईतो हलवायची नाही, ही आमच्याकडची रीत. पण रीतीचं मी उगाच म्हणतो. बायको पहिल्यांदा त्यांच्या नादात सामील झाली होती आणि तिचा नारळ तिच्यासमोर काढायला त्यांचा हात धजला नाही, हे खरं.

दसऱ्याला बोटीनं कल्याणला जाऊन सासऱ्यांना सोनं द्यायचं, असा बेत होता. त्यासाठी वहिनींचे थोरले भाऊ आदल्या दिवशीच आले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. कल्याणला भातशेती, अंगानं दणकट, गळा गोड. विस्तवाशी बसून कोळसा टाकायचं काम त्यांनी मागून घेतलं. यंत्राशी हे, आणि आपट्याची टोपली मांडीवर घेऊन मी. वहिनी दिवाळसणासारखा स्वयंपाक करायला घरी थांबल्या.

मुंब्र्याच्या डोंगराखाली मक्तेदाराची आगबोट पुढे दिसली. यांनी पंख्याचा पट्टा चढवला. विस्तव गरजला, बोट थरथरली आणि खरंच सांगतो, पाण्यावरून घसरतच निघाली. एव्हाना झडपेनं बोलायला हवं होतं. ती आज गप्प का, असं मी विचारलं. त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग पुढच्या बोटीकडे पाहिलं.

"एवढी मागे पडू दे," ते म्हणाले, "मग काढतो."

ती मागे पडली. दादा मोठ्यानं हसले, हेही हसले आणि हसता हसता नारळाकडे हात नेला. त्याच वेळी बंब आतून फुटला आणि विस्तवाचं दार उडालं. पांढऱ्या वाफेत काही दिसेना. नुसता दादांचा आवाज येत होता, आणि तो गाणाऱ्या माणसाचा वाटत नव्हता.

मागे पडलेली ती आगबोटच वळून आमच्या मदतीला आली. तिच्यातल्या माणसांनी दादांना उचलून घेतलं, आमच्या बोटीला दोर बांधला आणि कल्याणची वाट धरली. कुणी एका शब्दानं टोचलं नाही. त्या गडबडीत यांनी नारळ सोडला आणि पाण्यात टाकला. खण थोडा वेळ लाल दिसत राहिला. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुम्ही काही पाहिलेलं नाही."

दादा जगले. डोळे गेले, आणि उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून फळीसारखी झाली. सासऱ्यांच्या ओटीवर, सगळ्यांदेखत, यांनी सांगून टाकलं की वेगासाठी झडप आपण दाबून धरली होती. सासऱ्यांनी त्यांना त्या घराचा उंबरठा बंद केला. बातमी कळताच कल्याणला धावलेल्या वहिनी पुढे ठाण्याला परत आल्या, कारण त्या काळात बाईनं दुसरीकडे जायचं कुठे? त्या वेळेवर वाढत, आजारपण काढत, कुठे उणं पडू देत नसत. पण नवऱ्याकडे बघून हसलेल्या मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

हे मला बघवेना. एकदा कचेरीच्या पायरीवर मी त्यांना म्हटलं, खरं काय ते वहिनींना सांगा, निदान अर्धा भार तरी उतरेल.

"तिनं नारळ बांधला, कारण तिला दांडी कसली ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. मला दिसत होतं. वेग वाढला तसं बरं वाटत होतं हो मला. हे सगळं सांगितलं तरी ती त्यातला नारळ तेवढा धरून बसेल. मग तिनं कुठल्या देवापुढे जाऊन उभं राहायचं?"

आम्ही दोघं उठून आत कामाला गेलो.

बोट मोडीत गेली, पंखा चुलीत गेला. तो हात हलवणं बंद झालं. एकदा आमच्याकडे चूल धुमसत होती म्हणून आमच्या मंडळींनी सहज म्हटलं, भावजी, हवा द्या की. ते चहा अर्धा टाकून उठून गेले. ही बिचारी दिवसभर स्वतःला बोल लावत राहिली.

सुटीच्या दिवशी ते कुठेतरी जात. कुठे, ते मला एकदा बरोबर नेलं तेव्हा कळलं. कल्याणला शेणाळे तळ्याच्या पाळीवर ते जाऊन बसत. संध्याकाळी दादांना कुणीतरी हात धरून फिरायला आणत असे. हे लांबून बघत. दादा नीट चालताहेत ना, अंगात धड काही आहे ना, तब्येत उतरली तर नाही ना. त्या दिवशी दादा आमच्या अगदी पुढ्यात थांबले आणि त्यांनी विचारलं, "कोण बसलंय इथे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी माझा दंड धरला. श्वाससुद्धा रोखून धरला होता त्यांनी. दादा थोडे थांबले आणि पुढे गेले. परत येताना आगगाडीत ते म्हणाले, "आज जरा बरे दिसले, नाही?"

तापाच्या साथीत ते गेले. फार दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. शुद्ध होती तोवर माझ्याकडून त्यांनी एकच कबूल करून घेतलं, आणि ते काय असेल हे तुम्हाला सांगायला नको.

तेराव्याला दादा आले. सासरे तोवर वारले होते, त्यामुळे उंबरठ्यांचा हिशेब सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मंडळी पांगल्यावर दादा आणि मी ओटीवर बसलो होतो. वहिनी माजघराच्या दाराआड बसल्या होत्या. मोकळं कपाळ तेवढं अंधारात दिसत होतं.

"भावजी," आतून आवाज आला, "तुम्ही होतात बोटीत. एवढंच विचारते. माझ्या भावाच्या जिवापेक्षा त्यांना वेग मोठा वाटला का हो?"

माझ्यानं राहवलं नाही. दिलेला शब्द, कबुली, सगळं बाजूला पडलं. मेलेल्या माणसाला आणखी किती दिवस सुळावर ठेवायचं? "वहिनी," मी म्हटलं, "त्या दिवशी झडपेवर..."

तेवढ्यात माझ्या मनगटावर दादांचा तो फळीसारखा हात पडला आणि घट्ट दाबला गेला. म्हणजे नारळ दादांनीही पाहिला होता. विस्तवाशी बसलेल्या माणसाला तो डोक्यावरच तर दिसणार. आणि इतकी वर्षं त्यांनीही तोंड उघडलं नव्हतं.

"झडप त्यांनीच दाबलेली," दादा दाराकडे तोंड करून म्हणाले. "पण दाबा म्हणून मी सांगितलेलं. ते नको म्हणत होते. मला ती पुढची बोट मागे टाकायची होती. बाबांच्या भीतीनं मी बोललो नाही, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

बहिणीच्या माथ्यावरचं उचलायचं, मेव्हण्याच्या माथ्यावरचंही उचलायचं, म्हणून त्यांनी ते सगळं स्वतःच्या माथ्यावर घेतलं होतं. आंधळ्या डोळ्यांनी ते दाराकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधानही होतं.

मग वहिनी दाराबाहेर आल्या, भिंतीला धरून खाली बसल्या आणि कोपऱ्यात तेवत असलेल्या समईकडे बघत राहिल्या. नवऱ्यासाठी लावलेली समई होती ती.

"ते नको म्हणत होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही रे दादा. इतकी वर्षं."

दादांच्या चेहऱ्यावरचं समाधान गेलं. बहिणीचं डोकं शोधत त्यांनी तो हात पुढे केला, पण त्या जरा लांब बसल्या होत्या आणि हात हवेतच फिरत राहिला. शेवटी मी तो धरून वहिनींच्या डोक्यावर ठेवला.