आधी माझ्या कमरेला

शिकलगारचाचांच्या मालकीचं एकही पिस्तूल नव्हतं, आणि तरीही माझ्या पाहण्यात ते क्वचितच बिनपिस्तुलाचे हिंडले असतील. कोल्हापुरात ज्याला अंगावर लपवून बाळगायचं लहान पिस्तूल हवं असे, तो ते चाचांकडून आपल्या अंगाच्या मापाने बेतून घेई. काम पुरं झालं की चाचा ते मालकाला देत नसत. आठ दिवस स्वतःच्या कमरेला लावून फिरत. पहिले पाच दिवस रिकामं, शेवटचे तीन दिवस भरलेलं. ते घालून बाजारात जात, टांग्यात चढत-उतरत, लग्नाच्या पंगतीत मांडी ठोकून बसत. मालक कितीही मोठा असो, घाई करू लागला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आधी माझ्या कमरेला पटू दे, मग तुमच्या."

ही महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. चाचांचं दुकान म्हणजे रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या घराची पुढची खोली. दरबारच्या शिलेखान्यातल्या हत्यारांची बारीकसारीक कामंही तिथेच येत. माणूस उंच, वाळका, दाढी मेंदीने लाल. बोलायला लागले की समोरच्या घरात ऐकू जावं, आणि कानस हातात घेतली की तासभर शब्द नाही.

एकदा एका सरदारांनी आपलं पिस्तूल परत मागितलं. नळी लांबलचक, मुठीवर चांदीची वेलबुट्टी. चाचा म्हणाले होते की नळी आखूड घ्या आणि चांदी काढा, कापडात अडकते. सरदार ऐकतात कसले! चाचांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, सरदारांच्या कमरेला लावलं आणि हात जोडले. "सरकार, आता तीन मुजरे करा. दरबारात करता तसं. कमरेत वाकून." भर रस्त्यावर सरदारांनी चिडून दोन मुजरे घातले. तिसऱ्याला पिस्तूल दगडावर खणकन पडलं. चाचांनी ते उचललं, बाराबंदीच्या टोकाने पुसलं आणि विचारलं, "दरबारात पडलं असतं तर काय सांगितलं असतं?" पुढच्या महिन्यात नळी आखूड झाली. मुजऱ्यात न पडणारं आणि मांडी घालून बसल्यावर पोटात न टोचणारं पिस्तूल, हीच त्यांची कसोटी होती. नेम ज्याचा त्याने बघावा, असं ते म्हणत.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या नाइलाजाने. मी दरबारच्या दवाखान्यात बाळंतपणाचं शिकलेली नर्स. ऐन विशीत विधवा झाले, शिकले आणि गावोगाव बाळंतिणी सोडवत हिंडू लागले. गडहिंग्लजकडच्या वाटेवर एकदा दिवसाढवळ्या चौघांनी माझी गाडी अडवली. गाडीवानाचं डोकं फोडलं आणि माझी हत्यारांची पेटी पळवली. ज्या बाईकडे मी निघाले होते, ती त्या दिवशी वाचली नाही. त्यानंतर दरबारातून हुकूम आला की नर्सबाईंना पिस्तूल द्यावं. मला ते नको होतं. पिस्तूल लटकवून आलेल्या बाईला कोणतं घर बाळंतिणीच्या खोलीत घेणार? मी चाचांना तसं तोंडावर सांगितलं.

"दिसलं तर न घेतील," चाचा म्हणाले. "मी दिसू देतोय व्हय?"

मग खरी पंचाईत सुरू झाली. पुरुषाचं माप ते हाताने घेत. परक्या बाईच्या कमरेला हात लावायचा कसा? ते ऐरणीकडे बघत विचारू लागले की लुगडं कसं नेसता, निऱ्या कुठे खोचता, उकिडवं बसताना काय वर सरकतं. मी नर्स, मला कसली लाज? मी सगळं तपशीलवार सांगितलं. म्हातारा कानापर्यंत लाल झाला आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, हिकडं ये की! बाई काय सांगत्यात त्ये ऐक!"

चाची आल्या त्या पीठ मळता मळता, हाताला कणीक तशीच. ते बघून चाचांना युक्ती सुचली. त्यांनी कणकेचा एक गोळा माझ्या हातात दिला आणि पिस्तूल धरतात तसा आवळायला लावला. त्यावर माझी बोटं उमटली, त्यावरून त्यांनी लाकडी मूठ घासून बारीक केली. घोड्याचं, म्हणजे मागच्या आपटणाऱ्या लोखंडाचं, वर आलेलं टोक पदरात अडकू नये म्हणून कानशीने गोल केलं. बकऱ्याच्या मऊ चामड्याचं म्यान केलं. त्याला ते 'घर' म्हणत. ते घर कमरेच्या पट्ट्यावर उजव्या अंगाला असं बसलं की वर पदर पडल्यावर दिसेचना. कणकेच्या गोळ्याची चाचींनी त्याच दिवशी चपाती केली आणि मला वाढली.

पिस्तूल सांभाळण्याची त्यांची शिकवणी मात्र भारी कडक. खोबरेल लावलं तर थंडीत थिजतं, म्हणून घड्याळाचं तेल, तेही काडीच्या टोकाला येईल एवढंच. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोरच उत्साहाने चांगलं चोपडलं, तर म्हणाले, "बाई, ह्ये पिस्तूल हाय, वांग्याची भाजी न्हवं. त्याल जास्त झालं की लुगड्याचा कापूस त्येला चिकटतोय." दर शुक्रवारी सगळं खोलायचं, कापूस वेचायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं, मग तेल, मग पुन्हा पुसायचं. "त्याल लावायचं ते पुसायसाठी," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते दहा वेळा तरी ऐकावं लागलं.

आता आठ दिवस कमरेला लावून फिरायची पाळी आली. मला वाटलं, या खेपेला तरी ते चाचींना सांगतील. छे! "माझ्या हातचं काम हाय, तिच्या अंगावर कशाला परखू?" असं म्हणून चाचांनी चाचींचं हिरवं लुगडं चक्क स्वतः नेसलं. मी दवाखान्यात जाता-येता बघत होते. मेंदी लावलेली दाढी, खाली काष्टा, आणि म्हातारा आडावरून पाणी शेंदतोय, चुलीपुढे उकिडवा बसतोय, टांगेवाल्याला थांबवून टांग्यात चढतोय आणि उतरतोय. अख्खी गल्ली दारात आली. कुणी शिट्टी मारली, कुणी "चाची, पाणी द्या की!" म्हणून हाक मारली. चाचा घागर घेऊन खरंच पाणी द्यायला गेले. मी हसून हसून बेजार झाले. चाची तर तीन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत.

सहावा दिवस उजाडला. त्या दिवसापासून पिस्तूल भरलेलं. शुक्रवारी ते माझ्या ताब्यात यायचं होतं आणि त्याच दुपारी मला नेसरीला एका पहिलटकरणीकडे जायचं होतं. सकाळी मी अंगणात शिरले तेव्हा चाचा एक पाय लांब करून जात्याशी बसत होते, बायका दळायला बसतात तसे. गुडघा दुखला असावा, अंग एकदम खाली गेलं. पिस्तुलाचा घोडा जात्याच्या दगडावर आपटला आणि बार झाला.

गोळी त्यांच्या उजव्या मांडीच्या मांसातून आरपार गेली. हाड वाचलं. मी जखम दाबून धरली, लुगड्याच्याच पट्ट्या फाडून बांधल्या. चाची ओरडत होत्या, गल्ली गोळा झाली होती, आणि चाचा मात्र मला एकच विचारत होते, "घोड्याची खाच बघा. आधी खाच बघा, बाई."

घोडा अर्ध्यावर अडवून धरणारी एक बारीक खाच असते. ती धड असेल तर पिस्तूल आपटलं तरी उडत नाही. मी पिस्तूल खोलून उजेडात धरलं. खाच चाचांनीच साफ केली होती, पण कानस जास्त फिरली होती. नखाएवढी उरलेली कड तुटून गेली होती. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला, तर त्यांचा हात तांब्याच्या शेजारून गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांची पापणी वर केली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकलेला, डाव्यात सुरू झालेला.

"कधीपासून?" मी रागाने विचारलं. मला खरंच राग आला होता.

"वरीस झालं आसंल," ते म्हणाले. "बोटं सांगत व्हती, काम चोख हाय. मग डोळ्याला इचारलंच न्हाई मी." मग म्हणाले, "शुक्रवारी तुमच्या मांडीत गेली असती. न्हाईतर त्या नेसरीच्या पोरीच्या पोटात." आणि तो उंच, मोठ्या आवाजाचा माणूस माझ्यासमोर हमसून रडला. पायाच्या दुखण्याने एकदाही रडला नव्हता.

चाची त्यांना समजावू लागल्या, "आता गप बसा की. कुणाला ठावं हाय? म्हणा, पडलो आणि उडालं." त्यांचं तरी काय चुकलं? शिलेखान्याचं काम गेलं तर घर कशावर चालायचं? पण चाचांनी ऐकलं नाही. पाय टेकवता येऊ लागताच ते काठी घेऊन शिलेखान्यात गेले आणि स्वतःच्या तोंडाने सांगून आले की मला दिसत नाही, यापुढे मला काम देऊ नका. चाळीस वर्षांचा हुन्नर त्या दिवशी संपला. घरी आल्यावर म्हणाले, "पर ह्येनं भागत न्हाई. वरीसभरात माझ्या हातनं अकरा गेल्यात."

ती अकरा पिस्तुलं आम्ही दोघांनी घरोघर जाऊन तपासली. ते काठीवर, मी त्यांचे डोळे. एका घड्याळजीकडून भिंग मागून घेतलं होतं. मी दवाखान्यातून सुटले की आम्ही दुपारी एखाददुसरं घर करत असू. प्रत्येक दारात चाचा तेच वाक्य म्हणत, "हात चुकलाय माझा. बघू द्या." काही जणांनी चहा दिला, काही जणांनी टोमणे दिले. लुगड्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. एका घरातून तर आम्हाला दारातूनच परत पाठवलं. चाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि चौथ्या दिवशी त्या लोकांनी कंटाळून पिस्तूल आणून दिलं. इतका मानी माणूस, पण त्या महिन्यात त्यांनी मान खुंटीला टांगला होता.

दहा पिस्तुलं धड निघाली. अकरावं त्या मुजरेवाल्या सरदारांचं. ते सदरेवर चार माणसांत बसले होते, मांडीवर तीन-चार वर्षांची नात. आम्हाला बघून मोठ्याने म्हणाले, "काय शिकलगार, लुगडं सोडलं वाटतं?" माणसं हसली. चाचा वाकून म्हणाले, "व्हय सरकार. हात चुकलाय माझा. बघू द्या." सरदारांनी कमरेचं पिस्तूल काढून दिलं, नात होती त्याच अंगाचं. मी गोळ्या काढल्या, खोलून भिंग लावलं. खाच माझ्या पिस्तुलासारखीच झाली होती. पुन्हा जोडून मी रिकाम्या पिस्तुलाचा घोडा अर्धा चढवला आणि अंगठ्याने जरासा दाबला. तो कट्‌कन खाली आला.

पिस्तूल तर रिकामं होऊन माझ्या हातात होतं, तरी सरदारांनी नातीला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. नव्या घोड्यासाठी पिस्तूल घेऊन आम्ही निघालो तेव्हा ते उठून आले आणि चाचांचा दंड धरून त्यांना सगळ्या पायऱ्या उतरवून दिल्या.

माझ्या पिस्तुलाला शिलेखान्यातून नवा घोडा आला. त्याची खाच चाचांनी माझ्याकडून घासून घेतली. शेजारी बसून ते फक्त कानशीचा आवाज ऐकत आणि "बास", "अजून एक", "हळू" एवढंच म्हणत. मी मधेच कानस थांबवली तर म्हणाले, "बाळाची नाळ कापता न्हवं? मग ह्येला कशाला भ्यायचं?" काम पुरं झाल्यावर मी पिस्तूल सवयीने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला. "आता मिस्त्री तुम्ही. आठ दिवस तुमच्याच कमरेला." आणि खाली बसायचं कसं, ते त्यांनी मला त्या दिवशी नव्याने शिकवलं. आधी उजवा हात जमिनीला टेकवायचा, अंगाचा भार त्यावर घ्यायचा, मग बसायचं. अंग कधीही एकदम खाली सोडायचं नाही.

ते पिस्तूल मी पुढे बरीच वर्षं बाळगलं. एकदाही झाडावं लागलं नाही, आणि एकाही बाळंतिणीला दिसलं नाही. दर शुक्रवारी मी ते खोलून पुसायची. मग जमेल तेव्हा चाचांकडे जायची. त्यांना तोवर दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. मी बसले की ते विचारत, "आज हाय का?" मी म्हणायची, "हाय." "मग ऱ्हाऊ दे," म्हणत आणि खूश होत.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी धावतपळत गेले. बसल्याबरोबर ते म्हणाले, "आज न्हाई." खरंच नव्हतं. घाईत पिस्तूल दवाखान्यातच कुलपात राहिलं होतं. कसं ओळखलंत, म्हणून मी विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता, पण उत्तर आलंच. "हात टेकल्याचा आवाज न्हाई आला, लेकी. धपकन बसलीस." आयुष्यभर मला 'बाई' म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा 'लेकी' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

पिस्तूल मी नोकरीतून सुटताना शिलेखान्यात जमा केलं. त्यालाही आता खूप वर्षं झाली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते की बाळंतिणीला शेकायचं पाणी आधी आपल्या अंगावर घेऊन बघा, तिच्या अंगावर परखू नका. हे मी कुणाकडून शिकले, ते त्यांना माहीत नाही. खाली बसताना मी अजून उजवा हात आधी जमिनीला टेकवते. मुली लगबगीने धरायला येतात आणि विचारतात, "बाई, गुडघे दुखतात का?" मी हो म्हणते. गुडघे माझे अजून ठणठणीत आहेत.