मी तिला घातलेली शपथ

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. हे मी कुणी न विचारता सांगते. पण माझं कॉलेज सुटू नये म्हणून मी मैत्रिणीला किती छळलं, ते सांगायचं टाळत आले.

वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून भोरच्या कॉलेजात आम्ही दोघीच जायचो. नसरापूरला एसटी बदलायची. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला धाडलं ते ‘दोघी हायत’ म्हणून. पहिलं वर्ष संपून दुसरं सुरू झालं आणि भोरच्या स्टँडवर ती म्हणाली, “पुण्यात नर्सिंगला नाव लागलंय माझं. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचंय. कॉलेज सोडल्याचा दाखला काढते आता.”

ती गेली की आबा मला घरी बसवणार, हे मी मनातच ठरवून टाकलं. मी तिला म्हणाले, “तू गेलीस की आबा मला घरी बसवतील. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. दाखला काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

ती हसली. “पाचवीत हायस का गं?”

मी हसले नाही. तेव्हापासून अबोला धरला. एसटीत तिच्याच शेजारी बसायचे, पण खिडकीकडे तोंड करून. दुपारी तिच्यादेखत माझा डबा कॅन्टीनमागच्या कुत्र्याला घातला. भूक लागली होती, तरी लक्ष सगळं तिच्या चेहऱ्यावर, कधी नरम पडतेय यावर. गुरुवारी तिने दाखल्याचा अर्ज माझ्यासमोर फाडला. मला बरं वाटलं. घरी आल्यावर मात्र एका जागी बसवेना. घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

शनिवारी ती आमच्याकडे आली. आबा शेळ्यांना पाला टाकत होते. तिने त्यांनाच विचारलं, “आबा, मी पुण्याला गेले असते तर हिला एकटीला धाडलं असतं का तुमी?”

“का न्हाई? येवढी घोडी झालीय. पर मला इचारलं कुणी?”

ती माझ्याकडे वळली. “मला उपाशी राहून दाखवलंस. ह्यांना नुसतं इचारता आलं न्हाई व्हय?”

तिची जागा शुक्रवारीच गेली होती. नर्सिंगला ती पुढच्या वर्षी लागली. मधलं वर्षभर ती माझ्याशेजारी बसून भोरला आली. बोलायची, डब्यातली भाजी वाढायची, एक टोमणा मारला नाही. मी मात्र सारखी चुळबुळत असायचे. शेवटचं वर्ष मी एकटीनेच ये-जा केली. काही अवघड नव्हतं.

ती आता पुण्यात नर्स आहे. परवा मी तिला फोन करून म्हणाले, “तुझं एक वर्ष मी घालवलं.” मला वाटलं होतं, ‘जाऊ दे गं’ म्हणेल.

“व्हय, घालवलंस,” ती म्हणाली. “चल, ड्युटीची वेळ झाली.”