दुसऱ्या कोनाचं नाव

राहनाळच्या अंगणवाडीत कमळा मदतनीस होती. पोरांना खिचडी वाढायची, नाकं पुसायची, भांडी घासायची. २००६ साली तिथल्या सेविकाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांची जागा कमळाला मिळाली असती, पण त्यासाठी दहावी पास असणं लागत होतं आणि कमळाची दहावी लग्नाआधी गणितात अडकली ती अडकलीच. बाकीच्या विषयांचं तिला काही वाटत नसे. गणिताचं पुस्तक मात्र ती उघडायचंही टाळायची.

शिकवायला बसली तिचीच लेक क्षितिजा, नववीतली. मास्तरकी अंगात आलेली पोरगी किती छळते, ते तिच्या आईलाच विचारावं.

"एका कोनाच्या कोटिकोनाची चौपट केली आणि वीस मिळवले, की तो कोन येतो. तर दोन्ही कोन काढ."

कोटिकोनांची बेरीज नव्वद, हे कमळाला पाठ होतं. पण दोन्हीही माहीत नाहीत, तर सुरुवात कुठून करायची?

"एकालाच नाव दे, क्ष. दुसऱ्याला नाव नको, त्याचं नातं सांग. नव्वद वजा क्ष."

कमळा हसली. "म्हंजे तुझ्या बापसासारखं!"

तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत; घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. हिरामण गोदामावर वॉचमन होता. कमळासाठी तो 'क्षितिजाचा बापूस'. हे एकदा डोक्यात बसलं आणि समीकरणं सुटू लागली. क्ष शहात्तर आला, तशी ती पेन ठेवून भाकऱ्या थापायला उठली.

"आये, आणि कोटिकोन? चौदा कोण लिहिणार?"

"नव्वद वजा क्ष लिवलाय ना वर. त्याचं नाव उगाच कशाला घ्यायचं?"

रोज हेच. पूरककोनांची गणितं आली, बेरीज एकशेऐंशीची झाली, तरी दुसरा कोन बिनआकड्याचाच राहायचा. जित्याची खोड, दुसरं काय! क्षितिजा रडकुंडीला आली. "अर्धे मार्क जातील. नापास होशील परत!"

मार्चमध्ये कमळा भिवंडीच्या केंद्रावर परीक्षेला बसली. पेपरात पूरककोनच आले होते: मोठा कोन लहानाच्या तिपटीपेक्षा बारा अंशांनी कमी. लहान अठ्ठेचाळीस निघाला. ती पुढच्या गणिताकडे वळली, थांबली, परत मागे आली. तिला भीती वाटली, अगदी खरीखुरी. मग तिने एकशेबत्तीस लिहून टाकलं. काहीही झालं नाही. समोरचे सर जांभई देत होते.

ती काठावर पास झाली आणि पुढे सेविकाही झाली. हिरामणने नाक्यावर पेढे वाटले. "क्षितिजाची आय सेविका झाली," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. कमळा शेजारीच उभी होती. आधी तिला बरं वाटलं, मग ऐकता ऐकता डोकंच फिरलं.

"क्षितिजाची आय, क्षितिजाची आय! पेपर मी लिवला. मला नाव न्हाय का?"

हिरामण गडबडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात 'ए' आणि बाहेर 'क्षितिजाची आय' एवढ्यावर त्याचं भागलं होतं. लोक पेढा हातात धरून बघत राहिले. तो दोनदा खाकरला.

"कमळा," एकदाचं त्याच्या तोंडून निघालं, आणि चार माणसांत तो नव्या नवरीसारखा लाजला.