पायरीवरचा टाळकरी

धुळ्याच्या ऑफिसात दुपारी फोन आला. ‘भाऊ गेला,’ एवढंच पलीकडून चुलतभाऊ बोलला... अमळनेरची एस.टी. पकडली तेव्हा रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. अमळनेरजवळच्या आमच्या गावातून कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि हातभट्टीची पिऊन यायचा. वहिनीने उपास केले. घरातला पहिला बी.ए. मी, मी भाषणं दिली. काही उपयोग नाही. मग एका एकादशीला भजनी मंडळाच्या आबांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, हातात टाळ दिला. दारू सुटताना हात इतके थरथरायचे की चहा बशीत सांडायचा. भजनाने काय होतं रे, मी विचारलं. म्हणाला, ‘टाळ हातमा शे ना, मंग दुसरं काही धराले जागाच नही.’ मी देवभोळा नाही. पण ते हात स्थिर झालेले मी पाहिले आहेत.

काही वर्षं बरी गेली. मग आबांच्याच मुलाच्या वरातीत आबांच्याच पाहुण्यांनी, ‘एक घोटनी काय व्हस,’ म्हणत ग्लास त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला, ही त्याची चूक. दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी आबांकडे सांगायला गेला. आबांनी देवळात, सगळ्यांदेखत, माळ उतरवली, टाळ काढून घेतला. ‘गळामा माळ नि पोटमा दारू, हाऊ मंडळमा नको.’ ग्लास देणारे पाहुणे तेव्हा आबांच्याच ओसरीवर जेवत होते.

त्यानंतर भाऊने थेंब घेतला नाही. दर एकादशीला देवळाच्या पायरीवर बसायचा, आत भजन सुरू झालं की उजव्या गुडघ्यावर ताल धरायचा. ‘आबा, टाळ द्या ना.’ आबांचं उत्तर ठरलेलं, ‘पुढली एकादशीले देखू.’ सोड ते देऊळ, मी चिडायचो. तो हसायचा, ‘देव काय आबाना घरना शे का?’ जुन्या दारूने लिव्हर आधीच खाल्लं होतं. टाळ न मिळताच गेला.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मंडळ भजनाला आलं. आबांनी फोटोपुढे टाळ ठेवला, डोळे पुसले. ‘आमना टाळकरी... देवनी सुधारं त्याले.’ देवाने काय केलं ते देव जाणे, आबांनी काय केलं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. वहिनी उठली, तो टाळ उचलून आबांच्या मांडीवर ठेवला.

‘ऱ्हाऊ द्या आबा,’ ती म्हणाली. ‘पुढली एकादशीले देखू.’

भाऊचे पायजमे तिने अजून कुणाला दिलेले नाहीत. सगळे उजव्या गुडघ्यावर विरले आहेत.