वाळूपुरती हवा

रस्ता संपून वाळू लागायची तिथे तो हवावाला बसायचा. लष्कराच्या लिलावातून आलेल्या ट्रकांची अवजड चाकं त्याने पाहिल्याशिवाय कोणी पुळणीवर गाडी घालत नसे. हवा मोजायचा काटा त्याच्या खिशातच राही. तो पान्याने टायरवर ठोकायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि मगच थोडी हवा सोडायचा.

वडिलांचा देह इस्पितळातून ट्रकने पुळणीपलीकडच्या गावी नेत होतो, त्या दिवशीही तो तितकाच सावकाश होता. भरती चढत होती. पलीकडे आई त्यांचं तोंड पाहायला थांबली होती.

"आवरा हो! पाणी आलं," मी ओरडलो.

"येऊ द्या, मास्तर. घट्ट टायर रुतला तर आईंना काय दिसणार न्हाय. मागं कोण बसणार हाय?"

"मी. आणि वडील."

त्याने वडिलांवरच्या चादरीकडे पाहिलं, आणि मागच्या चाकांत दोघांच्या वजनापुरती थोडी हवा परत भरली.

पाणी चाकांना लागेपर्यंत आम्ही पोचलो. आईने तोंड पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना, म्हणून ट्रक रस्त्यापर्यंत परत पोचवायला मीही गेलो. रस्त्यासाठी पुन्हा हवा भरायला तो पंप घेऊन उभाच होता. त्याने मागच्या टायरवर ठोकलं, ऐकलं.

"हलकी आली गाडी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बराच वेळ पंप मारत राहिला.