ओटमारचा लोखंडी क्रॉस

१९४७च्या सप्टेंबरात ओटमार राइंडर्स इंग्रजांच्या कैदेतून सुटून जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या आपल्या गावी परतला. युद्धात तो बॉम्बफेकी विमान चालवायचा. त्याचं सगळ्यात मोठं पदक, गळ्यात घालायचा लोखंडी क्रॉस, बहिणीने पिठाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. एक इंजिन जळत असताना त्याने विमान समुद्र ओलांडून परत आणलं, म्हणून ते मिळालेलं. विमान आलं, पण शेपटाकडच्या मशीनगनवर बसलेला लाम्बर्ट ब्रेनेके वाटेतच संपला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा.

दुसऱ्याच दिवशी ओटमार सायकलवरून शेजारच्या गावी लाम्बर्टच्या आईकडे गेला. आडेलगुंडे ब्रेनेके बटाटे सोलत होती. त्याने क्रॉस टेबलावर ठेवला आणि हा तुमच्या मुलाचा आहे, असं पुटपुटला.

बाईने त्याकडे पाहिलंही नाही. "त्या दिवशी खाली काय होतं?" तिने विचारलं.

आजवर हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. बंदर होतं, असं तो म्हणाला. बंदरामागे घरं होती, तीही पेटली. वरून त्याला दिसली होती.

"लाम्बर्टलाही दिसली असतील?"

"हो, बाई."

तिने हातातला बटाटा सोलून पातेल्यात टाकला. मग म्हणाली, "ते उचल. माझ्या घरात नको. तू मात्र बस, सूप निवतंय."

महिन्याभराने ओटमारने एका इंग्रज सार्जंटला तो क्रॉस देऊन टाकला आणि बदल्यात कॉफी घेतली. पुडा बाईंच्या हाती देताना त्याने खरं काय ते सांगून टाकलं. बाईंनी दोन कप केले. युद्धानंतरची त्यांची ती पहिली खरी कॉफी, भाजलेल्या जवाची नव्हे.

पुढे ओटमार ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला, त्याचं लग्न झालं, मुली झाल्या. पण शनिवारी तो बाईंकडे लाकडं फोडायला जाई. त्या खिडकीतून ओरडत, "साल वर ठेव रे! विमान चालवलंस म्हणे, आणि साधी लाकडं रचता येत नाहीत?"

१९५७ साली सरकारने जुनी पदकं, स्वस्तिक काढून, पुन्हा घालायला परवानगी दिली. माजी सैनिकांच्या मंडळाचे चिटणीस मेळाव्याचं आमंत्रण घेऊन आले. क्रॉस घालून या, म्हणाले.

"तो आम्ही पिऊन टाकला," ओटमार शांतपणे म्हणाला. चिटणीस रागावून गेले. त्यानंतर गावातले दोघे-तिघे त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याला वाईट वाटलं, पण शनिवार चुकला नाही.

शेवटच्या वर्षांत बाईंना दिसेनासं झालं. ओटमार त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. कुठे युद्धाची बातमी असली की त्या त्याचा हात धरून ठेवत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, सफरचंदाला मोहोर आला असताना, त्या गेल्या. शवपेटीमागे पहिला, सगळ्यात जवळच्या माणसाच्या जागी, कोण चालणार, असं पाद्रींनी विचारलं. बाईंच्या पुतण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओटमारला पुढे केलं.